किट नाही म्हणून पोर मागे पडतं का?

या वेळच्या टपालात (टपाल म्हणजे आता व्हॉट्सॲपच, एका ताईंनी तर सरळ व्हॉइस मेसेज पाठवलाय आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतायत) बरेचसे प्रश्न एकाच भोवती फिरणारे आलेत, लहान पोरं, विज्ञान आणि खिसा. म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ढकलले आणि हेच घेतले. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, मी हडपसरला सोसायटीत चार घरची कामं करते. एका मॅडमच्या मुलाला दर महिन्याला सायन्सचा बॉक्स येतो, त्यात मोटर, चाकं, पुस्तक सगळं असतं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, सुट्टीत माझ्याबरोबर येते आणि ते बघून मागते. आम्हाला नाही परवडत. ती पुढे जाऊन मागे पडेल का?

उत्तर : बॉक्स नाही म्हणून तर नाही पडणार ताई, आणि हे तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. तसले बॉक्स मी उघडून बघितलेत. काही खरंच चांगले असतात, पण पाच वर्षांच्या पोराच्या बॉक्समधलं निम्मं काम आईबापच करतात, सूचना वाचायच्या, स्क्रू पिळायचे, वायर जोडायची, आणि एकदा का पंखा फिरला की खेळ संपला, दुसऱ्या दिवशी बॉक्स कपाटावर. या वयात पोरांना एकच गोष्ट पन्नास वेळा करून बघायची असते आणि बॉक्समध्ये ती सोय नसते.

मॅडमच्या मुलाला जे जास्तीचं मिळतं ते वेगळंच आहे. त्याच्या शेजारी बसून कुणीतरी "आता काय होईल रे?" असं विचारतं, सांडलं तर चालतं, आणि सांडायला जागा असते. तुमच्याकडे खरी टंचाई या तिन्हीची आहे हे मला माहितीये. नळाला सकाळी तासभर पाणी येणार आणि त्यात पोराला पाण्यात मनसोक्त खेळू द्या म्हणून सांगणारे लोक भेटले की मला त्यांना एक हंडा भरून वर चढवायला सांगावंसं वाटतं. म्हणून मी तेच सांगते जे तुमच्या रोजच्या कामातच बसेल.

रात्री विरजण लावता ना, एखाद्या दिवशी तीन छोट्या वाट्या घ्या, प्रत्येकीत दोन-दोन चमचे दूध. एकीत कोमट दूध आणि थेंबभर विरजण. दुसरीत कोमट दूध, विरजण नाहीच. तिसरीत उकळतं दूध (हे तुम्ही ओता, तिला लांब बसवा) आणि लगेच विरजण. झोपायच्या आधी तिला विचारा, सकाळी कशात दही असेल? ती काहीही सांगू दे, हसायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. सकाळी बघा. विरजणात बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, कोमट दुधात ते वाढतात, उकळत्यात मरतात, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. आता उन्हाळा असला तर बिनविरजणाचं दूधही नासतं, मग ती विचारेल की यात कोण गेलं? तोच तर खरा प्रश्न, तो तिच्याकडून आला की तुमचं काम झालं. मोठ्या शाळांच्या लॅबमध्येही हेच करतात, एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

दुसरं, हळद. कागदाच्या तुकड्याला ओली हळद फासून वाळवा, त्यावर कपडे धुवायच्या साबणाचं पाणी लावलं की लाल होतो, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. पोरं यावर तासभर रमतात. मग घरात काय काय लावून बघायचं ते तीच ठरवेल, राख, चिंच, ताक, टूथपेस्ट. तुम्ही भाकरी करता करता नुसतं "आणि याने?" एवढंच म्हणायचं. भांडी घासताना ग्लास आणि वाटीत पाणी ओतून बघू दे. उंच ग्लासात जास्त पाणी आहे असं ती ठामपणे सांगेल, सेमच पाणी समोर ओतून दाखवलं तरी. त्या वयात असंच असतं. जाँ पियाजे नावाच्या स्विस माणसाने हे मुलांबरोबर करून बघून नीट मांडून ठेवलंय. पटवायला जाऊ नका, सात-आठची झाली की आपोआप हसेल स्वतःवरच.

आणि एखादा रविवार मोकळा मिळाला तर पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पुणे विद्यापीठाच्या आवारात. कचऱ्यातून खेळणी करण्याचं अरविंद गुप्तांचं काम तिथूनच बरंच पुढे गेलं. त्यांच्या वेबसाईटवर खेळण्यांचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत, मराठीतही आहेत. काडेपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, बहुतेक सामान एवढंच. जायच्या आधी मात्र फोन करून विचारा, कधी कुणासाठी उघडं असतं ते, उगाच बसचं भाडं घालवू नका.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. होमी भाभा परीक्षेची तयारी कधीपासून करून घ्यावी? आमच्या एरियात एक फाउंडेशन क्लास निघालाय, फी जरा जास्त आहे पण कर्ज काढून भरू शकतो.

उत्तर : ती विज्ञानाची परीक्षा सहावी आणि नववीच्या मुलांची आहे. कर्ज काढू नका. तेवढ्या पैशात तिला रोज एक अंडं द्या आणि अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं की बुडतं ते उकडायच्या आधी बघा.

प्रश्न : नमस्कार ताई, मी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पटावर तीसेक मुलं, एक खोली, आहार, लसीकरण, गृहभेटी, मोबाईलवर रोजची माहिती भरायची, नेटवर्क नाही. आता म्हणतात मुलांना विज्ञानाची गोडी लावा. कशी लावू ते सांगा आणि प्लीज नवीन रजिस्टर सांगू नका.

उत्तर : रजिस्टर नाही, शप्पथ. आधी एक सांगते, तुमच्यावर आणखी काम लादणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाहीये. तुम्हाला मिळणारं मानधन आणि तुमच्याकडून अपेक्षा यांचा मेळ बसत नाही, आणि गरिबाच्या पोरांना विज्ञान मिळत नाही त्याचं पहिलं कारण हेच आहे असं माझं सरळ मत आहे, किट वगैरे नंतरची गोष्ट.

पण तुम्ही ज्या तालुक्यातून लिहिताय ना, तिथलीच ही गोष्ट आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ. सरकारची अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ची, म्हणजे ताराबाईंचं केंद्र तिच्या तीस वर्षं आधीचं. ताराबाई मुळात माँटेसरी पद्धतीच्या. त्या पद्धतीचं साहित्य महाग, लाकडाचं, घडवून घ्यावं लागणारं. ते खेडेगावात परवडणार कसं, मग त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, माती, खडे यांतूनच साहित्य उभं केलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. आणि जी पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत यायचीच नाहीत त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणावर गेले, त्याला कुरणशाळा म्हणायचे. हे आठवायचं कारण असं की यात विज्ञान म्हणून वेगळा तास कुठेच नव्हता.

तुमच्याकडेही नको. तुम्ही दर महिन्याला वजन-उंची घेता, तेच घ्या. काट्यावर उभं करायच्या आधी विचारा, मागच्या वेळेपेक्षा वाढलं असेल का? भिंतीवर कोळशाने प्रत्येकाच्या उंचीची खूण करून ठेवा, पुढच्या महिन्यात पोरं स्वतःहून जाऊन उभी राहतात. फक्त एक पाळा, ज्याची त्याची तुलना त्याच्याच मागच्या खुणेशी. शेजारच्या पोराशी केली की कमी वजनाचं पोर हिरमुसतं आणि आई पुढच्या वेळी वजनालाच पाठवत नाही.

बिया तर तुमच्याकडे ढिगाने. चिंचोके, जांभळाच्या, सीताफळाच्या, भोपळ्याच्या. पोरांपुढे ओता आणि म्हणा सारख्या सारख्या एकत्र करा, बास. कुणी रंगावर करेल, कुणी गुळगुळीत-खरखरीत, एखादी म्हणेल या खायच्या आणि या नाही खायच्या, सगळंच बरोबर. पण दोन गोष्टी सांभाळा. तीन वर्षांच्या आतबाहेरची पोरं बी नाकात घालतात, त्यांना मोठ्या बियाच द्या आणि समोर बसवूनच. आणि गुंज, एरंड, धोतरा यांच्या बिया अजिबात नकोत, गुंज दिसायला इतकी गोड असते की कुणीतरी आणतंच, आणि ती चावली तर विषारी आहे. त्या तीन बिया ओळखायला शिकवणं हेही शिक्षणच झालं म्हणा.

प्रश्न : मी ठाण्यात रिक्षा चालवतो. दहावी नापास आहे. मुलगा दुसरीला सेमी-इंग्रजीत आहे आणि डोकं खातो, आकाश निळं का, रिक्षा कशावर चालते, सावली कुठे जाते. मला उत्तर येत नाही म्हणून मोबाईल देतो हातात. बायको म्हणते मोबाईल नको. मग काय करू?

उत्तर : दादा, रिक्षा कशावर चालते हे तुम्हाला येत नाही? हे मी मान्य करणार नाही. सीएनजी भरायला रांगेत तासभर उभे राहता तेव्हा सिलिंडरवरचा काटा त्याला दाखवा, गॅस दाबून भरलाय म्हणून एवढ्याशा टाकीत एवढा मावतो. स्पार्क प्लग बदलताना जुना त्याच्या हातात द्या. ब्रेक दाबल्यावर चाकापर्यंत जोर कसा पोचतो ते गॅरेजवाल्या मित्राला विचारा, त्याच्यासमोरच विचारा, बाप पण प्रश्न विचारतो हे पोराने बघितलेलं बरं. शिकलेल्या घरात "मला माहीत नाही, बघूया" हे वाक्य सहज निघतं, आपल्याकडे बापाला ते लाजेचं वाटतं आणि मग पोराला गप्प बसवलं जातं. ती लाज सोडता आली तर तुमचं पोर कुणाच्याही पोराच्या बरोबरीने बसेल.

आकाशाचं थोडक्यात, सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, हवेत शिरल्यावर त्यातला निळा जास्त विखुरतो आणि चहूबाजूंनी आपल्याकडे येतो. सावलीचं मात्र सांगू नका, करायला लावा. रिक्षास्टँडवर खडूने एका काठीची सावली आखायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, लांबी पायाने मोजायची. मे महिन्याच्या मध्यावर तुमच्या ठाण्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते, गायबच. याला शून्य सावली म्हणतात. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईला मध्यावर, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, त्यांचं गाव कर्कवृत्ताच्या वर आहे. जुलैच्या शेवटी आपल्याकडे परत एकदा येतो पण तेव्हा ढग. त्या दिवशी बारा ते पाऊणच्या दरम्यान एक स्टीलचा ग्लास उपडा ठेवा आणि भाडं नाकारा दहा मिनिटं. सूर्याकडे थेट बघायचं नाही एवढं बजावून ठेवा.

मोबाईल पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, पण आधी त्याचा अंदाज, मग व्हिडिओ, आणि दोन मिनिटांचाच.

सेमीबद्दल. घरी आणि रस्त्यावर तुम्ही मराठीतच बोला, बिनधास्त. मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचं. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांमधल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांबरोबर काम केलं. पोरं हुशारीत कमी नव्हती, पुस्तकाची भाषा त्यांना आडवी येत होती, ती सोपी केली की मुलं पुढे सरकायची. आणि ते तर मराठी पुस्तकांबद्दल होतं! इंग्रजीतून सायन्स म्हणजे पोरापुढे दोन भिंती. एक तरी तुम्ही घरात पाडून देऊ शकता, प्रत्येक धड्यातली गोष्ट आधी आपल्या बोलीत होऊ द्यायची, इंग्रजी नाव नंतर चिकटवायचं.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो तो मार्च-एप्रिललाच उगवतो. या मुलांचं काय करायचं?

उत्तर : सर, पहिलं उत्तर तुम्हालाही माहितीये, पोरं जायलाच नकोत. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं, आजी-आजोबांपाशी राहणाऱ्यांची सोय, जाणाऱ्यांना शिक्षण हमी पत्रक देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसवणं, हे कागदावर आहे ते खरं व्हावं म्हणून तुम्ही भांडतच असाल. तिकडे गेलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर बहुतेक वेळा धाकटं भावंड असतं, तिला "निसर्गातून शीक" म्हणणं ही चेष्टा आहे.

तरी जी जातातच त्यांच्यासाठी एक करून बघा. जाताना प्रत्येकाला एक शंभरपानी वही, दोन पेन्सिली आणि शक्य झालं तर प्लॅस्टिकचं एक भिंग. वहीत लिहायचं काही नाही, काढायचं. रोज रात्री चंद्र दिसला तसा, नाही दिसला तर रिकामं गोल. कोपीच्या (ऊसतोडीवरच्या झोपडीच्या) बाहेर झोपणाऱ्या पोराला आकाश आपल्यापेक्षा जास्त दिसतं. उसाच्या कांडीला डोळा असतो तो मातीत पुरून रोज बघायचा, दोन-तीन आठवड्यात कोंब वर येतो. पाचटात सापडलेले किडे. बैलगाडी कारखान्याच्या काट्यावर भरलेली जाते आणि रिकामी परत तोलतात, दोनदा का तोलतात ते वडलांना विचारायचं, वजाबाकी तिथेच आली.

परत आल्यावर मात्र त्या वह्या वर्गात उघडा. ऊसतोडीवरून आलेल्यांना सगळे बुडालेला अभ्यास विचारतात, तू काय बघितलंस हे कुणी विचारत नाही. पंधरा वह्यांमधले चंद्र शेजारी शेजारी ठेवले की पौर्णिमा कुठे पडते ते दुसरीची पोरं स्वतः शोधतात, फळ्यावर काढायची गरज पडत नाही.

प्रश्न : मी आयटीत आहे, आमच्या सोसायटीच्या मंडळाकडून 28 फेब्रुवारीला जवळच्या वस्तीत सायन्स डे करायचाय. ज्वालामुखीचं मॉडेल, रॉकेट, शिवाय आमच्या मुलांची जुनी किट्स आणि खेळण्यातले मायक्रोस्कोप डोनेट करू. काही सजेशन्स?

उत्तर : रागावू नका पण ज्वालामुखी ठेवा बाजूला. खायचा सोडा आणि व्हिनेगर फसफसलं, पोरं ओरडली, फोटो निघाले, संपलं. शिकलं कोण? आणि 28 फेब्रुवारी हा 1928 च्या रामन परिणामाचा (विखुरलेल्या उजेडातल्या थोड्याशाचा रंग बदलतो, या सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा) दिवस, तो शोध लागला तेव्हाची उपकरणंही फार भारी नव्हती, पण बघत राहण्याला काही वर्षं गेली होती.

तुमच्या मंडळात वीस घरं असतील तर एकदाच वीस जण जाण्याऐवजी दर शनिवारी दोघं जा, तासभर, वर्षभर, त्याच पंधरा पोरांकडे. यावर लोक म्हणतात कमिटमेंट जमत नाही. मग वस्तीतलीच एखादी बारावी झालेली मुलगी निवडा, तिला महिन्याला नीट पैसे द्या आणि ती घेईल वर्ग. फुकट स्वयंसेविका म्हणून नाही, पगारावर. मध्य प्रदेशात 1972 मध्ये होशंगाबादला 16 शाळांपासून मुलांनी स्वतः प्रयोग करायचा कार्यक्रम सुरू झाला, सरकारी शाळांमध्येच, तो 2002 पर्यंत चालला, आणि तो एवढा टिकला त्यात शिक्षकांचं प्रशिक्षण, दर महिन्याच्या बैठका आणि संपलेलं सामान परत भरून देणं याचा वाटा मोठा होता. सामान संपतं, हरवतं, तुटतं. दान देणारे हे धरतच नाहीत, एकदा दिलं की दिलं.

टाकाऊतून टिकाऊ मला स्वतःला आवडतं पण त्याचाही अतिरेक झालाय. तुमच्या मुलांना नवीन आणि त्यांच्या मुलांना बाटलीची झाकणं, असं का बरं? पंधरा चांगली भिंगं, पंधरा लोहचुंबक, एक खरा तराजू, मोजपट्ट्या, थर्मामीटर, हे नवीन विकत घेऊन द्या. जुनी किट्स द्यायचीच असतील तर त्यातला एकेक भाग आहे का बघा आणि बटन सेल काढून घ्या. ते का ते खालच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्या गल्लीत भंगाराची दुकानं आहेत. माझा सात वर्षांचा मुलगा आणि त्याची गँग जुने स्पीकर फोडून मॅग्नेट काढतात, वायरी सोलतात, लाइट लावून बघतात. सासूबाई म्हणतात मार त्याला. मला वाटतं हुशार आहे. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही बरोबर, आणि सासूबाईंची भीतीही बरोबर. स्पीकरचं मोठं चुंबक म्हणजे खजिना आहे, वाळूत फिरवलं तर काळी भुकटी चिकटते, लोखंडाचं खनिज असतं त्यात, ती कागदावर टाकून खालून चुंबक फिरवू दे. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल, वायरचा तुकडा आणि टॉर्चचा छोटा बल्ब, याच्याशी हवं तेवढं खेळू दे. वायर थेट सेलच्या दोन्ही टोकांना लावली तर तापते, ते एकदा कळलं की पोरं आपोआप जपून करतात.

काय नाही ते ठरवून टाका आणि सगळ्या गँगला सांगा. भिंतीतला प्लग नाही, तिथे 230 व्होल्ट आहेत. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडायचे नाहीत, आत पारा असतो. मोबाईलची बॅटरी, विशेषतः फुगलेली, टोचायची नाही, पेट घेते. वायरींचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढतात ना, त्या धुरापाशी थांबायचं नाही. गाडीच्या जुन्या बॅटरीला हात नाही, आत शिसं आणि ॲसिड. खेळून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घास नाही.

आणि घरात त्याच्यापेक्षा लहान पोर असेल तर दोन वस्तू घरात आणायच्याच नाहीत. एक म्हणजे खेळण्यांमधली, रिमोटमधली गोल चपटी बटन सेल, ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. दुसरी म्हणजे बारीक चकचकीत चुंबकं, दोन गिळली तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून ती एकमेकांना चिकटतात आणि भोक पडू शकतं. पोर ठीक दिसत असलं तरी, नक्की गिळलं का याची खात्री नसली तरी, उलटी करवायला जाऊ नका, सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन लावा किंवा रिक्षा करून मोठ्या सरकारी दवाखान्यात जा आणि तिथे पहिलं वाक्य "बटन सेल गिळलाय, एक्स-रे काढा" असंच म्हणा, चुंबक असेल तर चुंबक म्हणा.